बुधवारची ओसरी

दवाखान्याच्या ओसरीला आता लोखंडी जाळी बसली आहे. आत अंगणवाडीची पोती, बाळं तोलायचा काटा आणि पाय मोडलेल्या दोन खुर्च्या. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या नव्या घराच्या जेवणाला गावी गेले होते. पंगत बसायला अवकाश होता, म्हणून एकटीच चालत गावाच्या त्या टोकाला गेले. गिरडकडे जाणारी वाट जिथे गाव सोडते, तिथे मिशनचा हा दोन खोल्यांचा दवाखाना होता. जाळीतून हात घालून मी फरशीला लावला. फरशी अजून तशीच गार. आणि तेवढ्यात, कुठून कोण जाणे, लाल दवेचा वास आला.

घरी, वर्ध्याजवळ पिपरी मेघेला परत आल्यावर हे मी भाचीला सांगितलं. ती डॉक्टर आहे. ती म्हणाली, "मावशी, त्या दवेला वासच नसतो." मग मी इतकी वर्षं जो वास मनात धरून आहे, तो कशाचा? गेल्या महिनाभरात मी त्याचा एकेक पदर उलगडत बसले आहे. ओल्या काळ्या मातीचा एक. चुलीच्या धुराचा एक. जवसाच्या तेलात मेण वितळवलं की जो गोडसर, जडसर दरवळ येतो, तो एक. आणि दिवसभर कापसाच्या पऱ्हाटीत चाललेल्या माणसांच्या पायांचा, जो सांगायला बरा वाटत नाही, तोही एक.

बुधवारी आमच्या गावचा बाजार असायचा. दुपारनंतर कापसाची वेचणी थांबायची आणि बायामाणसं बाजाराला जाण्याआधी या ओसरीवर येऊन बसायची. हिवाळ्यात तर रांगच. थंडीनं टाचा उकलायच्या, भेगांमध्ये माती भरायची, बाभळीचे काटे मोडून आत राहायचे. एस्तेरबाई ओसरीच्या खालच्या पायरीवर बसायच्या. समोर तामचिनीचं पांढरं भांडं, त्याच्या कडेला निळी रेघ. चुलीवर पितळी गुंडभर पाणी तापत असायचं. भांड्यात कोमट पाणी ओतून त्या काचेच्या बाटलीतून लाल दवेचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे, चार-दोन कण टाकायच्या. मला तो क्षण फार आवडायचा. एकेक कण तळाला जाईपर्यंत त्याच्या मागे जांभळी दोरी सुटायची, ती लवायची, फाटायची आणि मग सगळं पाणी जांभळाच्या रसासारखं व्हायचं.

"ठेवा पाय," त्या म्हणायच्या.

पाय भिजला की तो मांडीवर घ्यायच्या. जुन्या धोतराच्या फडक्यानं प्रत्येक बोट वेगळं पुसायच्या. बोटांच्या बेचक्यातलंही. दिव्याच्या ज्योतीवर धरलेल्या सुईनं काटा काढायच्या आणि काढलेला काटा त्या माणसाच्या तळहातावर ठेवायच्या. "हा पाहा तुमचा पाहुणा." मग भेगांत मेण आणि जवसाचं तेल. मग दुसरा पाय. मग पुढचं माणूस.

एस्तेरबाई नर्स होत्या. मूळच्या अचलपूरकडच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि पायांत बारा महिने कापडी बूट नि मोजे. दवाखान्यात डॉक्टर महिन्यातून दोनदा वर्ध्याहून यायचा. पुढे तोही यायचा थांबला, मिशनचं औषध यायचं थांबलं, पाटी पुसट झाली. एस्तेरबाई मात्र मागच्या खोलीत राहातच होत्या. बुधवार चुकला नाही.

त्या हे काऊन करतात, याचे गावात बरेच तर्क होते. कोणी म्हणे, त्यांना परदेशातून पगार येतो. कोणी म्हणे, काही पाप झालं असेल, त्याची फेड करून राहिल्या. कोणी म्हणे, हळूहळू सारं गाव ख्रिस्ती करतील. मी तेव्हा बारावीला होते, रोज एस.टी.नं हिंगणघाटला जायचे. पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं मागच्या पानांवर सापडायची. या एका प्रश्नाचं सापडत नव्हतं. बुधवारी परत आले की दप्तर घेऊन मी त्या ओसरीच्या समोर, कडुलिंबाच्या पारावर बसायचे आणि नुसती पाहत राहायचे. त्यांच्या तोंडावर काही दिसतं का, म्हणून. भक्ती, दया, कंटाळा, काहीही. काही दिसायचं नाही. भाजी निवडणाऱ्या बाईच्या तोंडावर जे असतं, तेवढंच.

आमच्या घरचं कोणी त्या रांगेत बसत नसे. ते बाबांमुळे.

बाबा गावच्या शाळेत हेडमास्तर होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायांत काळे बूट. उन्हाळ्यातही. घरातही झोपेपर्यंत. लहानपणी मला वाटायचं की सगळेच गुरुजी असेच असतात. मग एकदा मायनं सांगितलं. बाबांचे आजोबा या गावात पाटलांच्या गल्लीतून जाताना चपला काढून हातात घ्यायचे. घ्याव्या लागायच्या. त्यांनी लोकांची अंगणं झाडली, वाकून जोहार घातले. पुढे माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत येताना वर्ध्याच्या दुकानातून बूट घेऊन ते गल्लीतून टाचा वाजवत चालत आले. तो आवाज बाबांनी लहानपणी ऐकला होता. रोज सकाळी ते स्वतःच्या बुटांना पॉलिश करत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वंदना म्हणताना असते तशी शांतता असे.

"आपल्या घरात कोणी कोणापुढं वाकाचं नाई," ते आम्हाला सांगत. "अन् आपल्यापुढंही कोणी वाकाचं नाई. आपल्या खानदानाचं वाकून झालं."

त्या हिवाळ्यात बाबा आपले मोजे स्वतः धुवायला लागले. कपडे माय धुवायची, मोजे ते. मायला वाटलं, रिटायरमेंट जवळ आली म्हणून हौस. मला राहवेना. एका रविवारी ते शाळेच्या कामाला गेले तेव्हा खाटेखाली सरकवलेले मोजे मी काढले. उजव्या मोज्याचं टोक कागदासारखं ताठ झालं होतं. पिवळट, मधे तपकिरी. नाकाजवळ नेला आणि लगेच दूर केला.

मायला काही बोलले नाही. मोजा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि एस्तेरबाईंकडे गेले. त्यांनी पुडी उघडली, मोजा नाकाशी नेला. तोंड फिरवलं नाही. कोणाचा आहे, हेही विचारलं नाही.

"बाबाले शुगर आहे का व?"

"हो."

"बूट काढतात का?"

"नाई."

त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधून मला दिली. संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या होत्या. हातात पिशवी. बाबा खुर्चीवर पेपर वाचत होते. बूट पायांतच.

"गुरुजी, पाय पाहू द्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी दाराआड झाले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "बसा बाई. चहा घ्या."

"चहा घेईन." त्या खाटेवर टेकल्या. "पाय पाहू द्या."

"बाई, तुम्ही चांगल्या आहा. तुमच्याबद्दल माह्या मनात काही नाई. पण माह्या आज्यानं या गावात दुसऱ्याच्या पायाशी बसून जलम काढला. माह्या बापानं ते सोडलं. आता मी तुम्हाले खाली बसवून माहे पाय धुवाले लावू? मंग फरक काय राहिला?"

एस्तेरबाईंनी थोडा विचार केला. "त्याईले बसवलं होतं, गुरुजी. मले कोणी बसवलं नाई."

"कोणी बसवलं नाई, तं काऊन बसता?"

दाराआड मी श्वास धरून उभी. माझाच प्रश्न होता तो, आणि बाबांनी तो सरळ टाकला होता. आता उत्तर येणार. एस्तेरबाई उठल्या, पिशवी उचलली, स्वयंपाकघराकडे तोंड करून मायला म्हणाल्या, "गुरुजीच्या चहात साखर नको टाकजो व." आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. बाबा शाळेतून आले नव्हते. तिसऱ्या दिवशी बाबांना ताप होता. खाटेवर बसून होते, बूट घालूनच. माय रडकुंडीला आलेली. एस्तेरबाईंनी भिंतीवरचा बाबांचा दाढीचा गोल आरसा काढून घेतला. एक खुर्ची बाबांच्या समोर ओढली आणि तीवर बसल्या. समोरासमोर, एकाच उंचीवर.

"मी हात नाई लावत, गुरुजी. तुमचा पाय तुम्हीच पाहा."

 बाबांनी वाकून बुटाची नाडी सोडली. बूट निघाला. मोजा निघेना, चिकटला होता. एस्तेरबाईंनी तांब्यातून कोमट पाण्याची धार सोडली, तशी बाबांनी कड सैल करत करत तो काढला. त्यांनी पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण तळवा काही दिसेना. तेव्हा बाईंनी आरसा पायाखाली धरला.

अंगठ्याच्या बाजूच्या बोटाखाली चिंचोक्याएवढं भोक होतं. कडा पांढऱ्या, आत ओलं. ते बोट टोकाला काळं पडलेलं.

"दुखत तं नाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. पहिलीतल्या मुलासारखा.

"तेच तं वाईट आहे."

बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली. घुंगरांचा आवाज लांब गेला. बाबांनी आढ्याकडे पाहिलं. मग पाय वीतभर पुढे केला. एस्तेरबाई खुर्चीवरून उतरल्या.

"खाली नका बसू, बाई."

"मंग काय झाडावर चढून धुऊ?"

आत माय हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ते एक बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आठवडा उशीर झाला असता तर घोट्यापासून पाय गेला असता. बाबा घरी आले आणि मग रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. तुरीच्या शेंगा भरल्यापासून पळस फुलेपर्यंत. रोज सकाळी आठला एस्तेरबाई यायच्या. पाणी उकळून निववणं, कापसाचे बोळे, गॉजच्या पट्ट्या पातेल्यात ठेवून वाफवणं, कात्रीचा कचकच आवाज. घर हळूहळू त्या वासाचं झालं. आणि त्या अर्ध्या तासात बाबा आणि त्या भांडायचे. भांडणच म्हणायला हवं, जरी दोघांचाही आवाज कधी चढला नाही.

"बाई, सरळ सांगा. आमाले बाटवाचं आहे का? आम्ही एकदा धर्म बदलवला. पुरे झालं."

"गुरुजी, तीस वर्सं झाले या गावात. एक माणूस नाई झाला ख्रिस्ती. त्या परीक्षेत तं मी नापास हाओ."

बाबा खूप हसले होते. मास्तरांना नापासाची गोष्ट लगेच कळते.

एकदा मीच धीर करून विचारलं, "बाई, तुम्हाले किळस नाई येत?"

"येते न," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "कोण म्हणते येत नाई? रोज येते. आल्यावर हात धुतो तशी ती धुऊन टाकाची. दुसऱ्या दिवशी फिरून येते."

मला वाटलं होतं, संत माणसांना किळस येत नसेल. येते, हे कळल्यावर माझं कोडं सुटण्याऐवजी अजूनच गुंतलं.

दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी त्या एस.टी.नं वर्ध्याला चर्चमध्ये जायच्या. त्या गुरुवारी तिथे पाद्री बारा माणसांचे पाय धुतात. येशूनं मरणाच्या आदल्या संध्याकाळी कमरेला फडकं गुंडाळून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. त्यांनी आम्हाला ही गोष्ट सांगितली तेव्हा बाबा पाय पुढे करून बसले होते.

"गुरूनं चेल्याचे धुतले?" त्यांनी दोनदा विचारलं.

"हो. पण चर्चमधले ते बारा जण घरूनच पाय घासून, साबण लावून येतात, गुरुजी. पाद्रीबुवाले धुवाले काही राहातच नाई. मले इथी न धुतलेले भेटतात. माहं नशीब चांगलं."

बाबांनी त्यांच्याकडून काळ्या पुठ्ठ्याचं बायबल वाचायला मागून घेतलं. महिनाभर वाचलं. हातात पेन्सिल, उत्तरपत्रिका तपासावी तसं. मधूनच "हं" म्हणायचे. मला वाटायचं, आता बाईंशी वाद घालायला मुद्दे शोधून राहिले. पुस्तक त्यांनी कव्हर घालून परत केलं आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

पळस झडले, जखम भरली. बाबा पुन्हा बूट घालायला लागले. एक नंबर मोठे, आत मऊ तळ घातलेले. रोज रात्री जेवण झालं की बूट काढून आरशात तळवा पाहायचे. बुधवारी आता ते दवाखान्यासमोरून जाताना थांबायचे, रांगेकडे पाहायचे, एस्तेरबाईंना मान लववून नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. रांगेत मात्र कधी बसले नाहीत.

मग मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना एस्तेरबाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन झालं. अचलपूरचा भाऊ येऊन भेटून गेला, त्याचंही वय झालेलं. दवाखान्यातून सोडायच्या दिवशी त्यांना कुठे न्यायचं, यावर आमच्या घरी काही चर्चा झाली नाही. बाबांनी बैठकीतली खाट खिडकीजवळ सरकवली, एवढंच.

त्या आल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून काहीतरी बिनसलं. जेवण दोन घास. पाणी नको. चहा नको. "भूक नाई व." "तहान नाई." ओठांना सालं सुटलेली. तिसऱ्या दिवशी अंग तापलं. गावचा कंपाउंडर पाहून गेला, म्हणाला, पाणी कमी पडून राहिलं, सलाईन लावावी लागन, नाई तं किडनीवर येईन.

मायनंच ओळखलं. मला मागच्या अंगणात बोलावून हळूच म्हणाली, "पाणी काऊन पित नाई, समजलं का तुले? पाणी पेलं का भांडं द्यावं लागते खाली. ते कोणाच्या हातानं घ्यावं लागू नये म्हणून सुकवून राहिली सोताले."

मला विश्वास बसेना. ज्या बाईनं सगळ्या गावाचं पू-रक्त मांडीवर घेतलं, तिला एक भांडं दुसऱ्याच्या हातून घेता येऊ नये?

बाबा खाटेजवळ खुर्ची घेऊन बसले.

"बाई, पाणी प्या."

"नको गुरुजी. तुम्ही लोकाईनं आधीच खूप केलं. मले दवाखान्यातच ठेवाचं होतं."

"तुमच्या त्या पुस्तकात," बाबा म्हणाले, "गुरू पाय धुवाले आला तं एक शिष्य नाई म्हणते. माहे पाय तुम्ही कधीच नाई धुवाचे, म्हणते. आठवते का?"

एस्तेरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी तो भाग चारदा वाचला. मले वाटलं होतं, पुस्तकात त्या शिष्याले शाबासकी भेटन. स्वाभिमानी माणूस आहे, म्हणून. पण त्याले काय सांगतलं गेलं, ते तुम्ही मले सांगा. मी तुमच्या पुस्तकातला कच्चा विद्यार्थी हाओ."

मी तुला न धुतलं तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असं गुरूनं त्याला म्हटलं होतं; ते मी पुढे वाचलं. एस्तेरबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं आणि कानाकडे वाहत गेलं. बाबा थांबून राहिले. त्यांना उत्तराची वाट पाहायची सवय होती.

"गुरुजी," शेवटी त्या पुटपुटल्या, "ते वाचणं सोपं आहे."

"हो. माह्यासाठी बी सोपं होतं. तुम्ही आरसा धरला तेव्हा माहा जीव गेला होता."

"तुम्ही मरद माणूस. पायाचं वेगळं. हे वेगळं."

"वेगळं काऊन? बाई, वाकणं म्हणजे—"

एवढ्यात माय आली. काखेत धुतलेली चादर, एका हातात भांडं, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. "तुमचं दोघाईचं वाकणं अन् नाई वाकणं झालं असन," ती म्हणाली, "तं जरा सरका. मले चादर बदलवू द्या. अन् तुम्ही बाहेर व्हा, काय बसले मधात!"

बाबा उठले. शाळेतून काढलेल्या मुलासारखे बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. मायनं आधी तांब्या एस्तेरबाईंच्या तोंडाला लावला. एका हातानं मान उचलून. विचारलंच नाही. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा, मग डोळे उघडून तांब्या संपेपर्यंत प्यायल्या. पुढचं सगळं मायनं केलं. मला फक्त कूस वळवायला धरायला लावलं. करता करता ती शेजारणीच्या म्हशीबद्दल बोलत होती.

चादर सारखी करताना मोजे ओले झाले होते म्हणून मायनं ते ओढून काढले आणि बोलता बोलता थांबली. एस्तेरबाईंच्या टाचा मी पहिल्यांदा पाहिल्या. उन्हाळ्यात आमच्या शेतातली जमीन फाटते तशा फाटलेल्या. खोल, काळ्या, कडेला जुनं रक्त सुकलेलं. गावातल्या कोणाच्याही पायांपेक्षा वाईट.

"बाई व!" माय म्हणाली. "अन् तुम्ही साऱ्या गावाले तेल लावून राहिल्या!"

एस्तेरबाईंनी चादर पायांवर ओढायचा प्रयत्न केला, हात पोचला नाही. "सोताचं सोताले दिसत नाई व," त्या म्हणाल्या. "अन् कोणाले सांगाचं, मले लाज वाटे."

मायनं मला तेल तापवायला पाठवलं. मी चुलीपाशी बसून जवसाच्या तेलात मेण विरघळताना पाहत राहिले. आजवर मी त्यांच्या तोंडावर काय शोधत होते, कोण जाणे. पायांकडे पाहायचं मला सुचलंच नव्हतं. आणि मायचं काय? तिच्याबद्दल तर मला कधी प्रश्नच पडला नव्हता. ती आजीचं करायची, आमचं करायची, बाळंतिणीचं करायची. त्याला कोणी नाव दिलं नव्हतं आणि त्यावर कोणी वाद घातला नव्हता.

चार महिन्यांनी एस्तेरबाई वॉकर धरून चालायला लागल्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, आता खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वाकायचं नाही. कधीच. त्या स्वतःच्या खोलीत राहायला गेल्या. पुन्हा कापूस फुटला, पुन्हा बुधवार आला.

त्या दुपारी मी लिंबाच्या पारावर होते. बाबाही होते, काठी घेऊन शेजारी बसलेले. ओसरीवर खुर्ची टाकून एस्तेरबाई बसल्या होत्या. भांडं भरून खाली ठेवलं होतं, पाणी जांभळं झालं होतं, वाफ निघत होती. कशासाठी भरलं होतं, त्यांनाच ठाऊक. सवय म्हणून असेल. आठ-दहा बाया येऊन बसल्या. पण खालच्या पायरीवर कोणी नव्हतं. बायांनी भांड्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. कोणी उठून जाईना, कोणी पुढेही होईना.

पायरीच्या सगळ्यात जवळ दोघी होत्या. बौद्धवाड्यातली अनुसया, आणि कुणब्यांची यमुना. दोघी एकाच शेतात वेचायला जायच्या, जेवताना मात्र शिदोऱ्या वेगवेगळ्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, सोडायच्या. अनुसयाच्या पायात काटा होता, ती टाच टेकत नव्हती.

यमुनानं बराच वेळ चुळबुळ केली. मग पदर खोचला, खालच्या पायरीवर जाऊन बसली आणि हात पुढे केला.

"आण."

"राहू दे वहिनी," अनुसयानं पाय लुगड्यात ओढून घेतला. "राहू दे. घरी काढीन."

"आण न व. पाणी थंडं होऊन राह्यलं."

अनुसयानं एकदा वर एस्तेरबाईंकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, कोणी पाहतं का म्हणून. मग पाय पाण्यात ठेवला. जांभळं पाणी हिंदकळून यमुनाच्या लुगड्यावर सांडलं. शेजारी बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

यमुनाला काही येत नव्हतं. तिनं पाय भांडं घासावं तसा घासला. एस्तेरबाई खुर्चीवरून पुढे झुकायला गेल्या आणि डॉक्टरचं आठवून थांबल्या. त्यांचे हात मांडीवरून उठले, हवेत थोडे थांबले, परत मांडीवर आले. इतक्या वर्षांत ते हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते. त्यांनाही ते कुठे ठेवावेत, कळत नव्हतं. कधी खुर्चीच्या दांड्यावर, कधी पदराखाली.

"घासू नको," त्या म्हणाल्या. "नुसतं भिजू दे."

मग सुई ज्योतीवर कशी धरायची, ते सांगितलं. मग कातडं कुठून उचलायचं, ते. अनुसया ओरडली, यमुना तिच्यापेक्षा जोरात ओरडली, सगळ्या हसल्या. काटा निघाला. मागच्या दोघी आपण होऊन एकमेकींच्या टाचा पाहायला लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी गाव सोडलं. ते बुधवार किती दिवस चालले, मला नीट सांगता येणार नाही. माय म्हणायची, बाई होत्या तोवर चालले. चुलतभाऊ म्हणतो, नंतरही एक-दोन वर्षं.

त्या पहिल्या बुधवारी मात्र दिवस कलल्यावर मी ओसरीवर गेले होते. बाया बाजाराकडे गेल्या होत्या, भांड्यातलं पाणी गढूळ झालं होतं. ते ओतून द्यायला मी वाकले. माझा जुना प्रश्न तोंडाशी आला होता, पण तो आता कसा विचारायचा, तेच कळेना. मग नुसतंच विचारलं, "बाई, आज कसं वाटलं?"

एस्तेरबाई रस्त्याकडे पाहत होत्या. अनुसया आणि यमुना पाठमोऱ्या दिसत होत्या, अजून काही तरी हुज्जत घालत चाललेल्या.

"यमुनाचा हात जड आहे," त्या म्हणाल्या. "पण शिकन."